एका ओढीला एक काडतूस

प्रोग्रेसिव्ह टूल म्हणजे काय, हे भोसरी-चाकणच्या कुठल्याही प्रेस शॉपमध्ये विचारा, तिथला हेल्परसुद्धा सांगेल. पत्र्याची पट्टी एका बाजूनं आत सरकते, पहिल्या स्टेशनला भोक पडतं, दुसऱ्याला बेंड येतो, तिसऱ्याला कडा कापल्या जातात आणि प्रत्येक स्ट्रोकला शेवटच्या स्टेशनवरून एक तयार पार्ट खाली पडतो. चिंचवडकरांची (हे त्यांचं खरं आडनाव नव्हे) उमेदीची वर्षं असली टूल्स बनवण्यात गेली. पुढे नोकरीनं त्यांना ॲरिझोनात नेलं आणि पन्नाशीच्या आसपास एक प्रोग्रेसिव्ह प्रेस स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या घरासाठी निवडायची वेळ आली. या प्रेसवर पत्र्याचे पार्ट निघणार नव्हते. पिस्तुलाची काडतुसं भरली जाणार होती.

मराठी वाचक इथं थबकेल. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. चिंचवडहून लोकलनं पुण्याला जाताना खडकी लागतं. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. काडतूस म्हणजे त्या भिंतीपलीकडे तयार होणारी सरकारी वस्तू, एवढाच चिंचवडकरांचा तिच्याशी संबंध होता. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विक्रीचा धंदा करायचा तर मात्र १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे उत्पादकाचं लायसन्स काढावं लागतं. आणखी एक गोष्ट तिथल्या आपल्या मंडळींना अनेकदा ठाऊक नसते. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक सोडाच, एक काडतूसही जवळ बाळगता येत नाही. ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत चिंचवडकर या वाटेला गेले नाहीत. गेले तेही आधी वकिलाला विचारून.

नाद लागला तो एका सहकाऱ्यामुळे. फीनिक्सच्या उत्तरेला बेन ॲव्हरी नावाची अवाढव्य रेंज आहे, राज्याच्या वन्यजीव खात्याची, सोळाशे एकरांहून मोठी. तिथं त्यांनी ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ पाहिलं आणि ते अडकले. या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये मिसूरीतल्या कोलंबिया इथं स्थापन झाली. अमेरिकेत तो यूएसपीएसए या संस्थेच्या नियमांनी खेळतात. आडोशामागून, खिडकीतून, पळता पळता कागदी आणि पोलादी लक्ष्यांवर गोळ्या झाडायच्या, मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. एका सकाळच्या सामन्याला दीडशे-दोनशे काडतुसं लागतात आणि सरावाला त्याहून जास्त.

या खेळात एक गुणाकार आहे आणि तो इंजिनियरच्या डोक्यात घर करून बसतो. गोळीचं वजन ग्रेनमध्ये घ्या, वेग फूट दर सेकंदात घ्या, गुणा आणि हजारानं भागा. याला पॉवर फॅक्टर म्हणतात. १४७ ग्रेनची गोळी ८८० फुटांच्या वेगानं गेली तर आकडा येतो १२९. किमान हवेत १२५. मोठ्या सामन्यांत तुमच्याकडची काडतुसं काढून घेऊन क्रोनोग्राफवर वेग मोजतात. आकडा १२५ च्या खाली आला तर खुशाल खेळा, पण गुण लागणार नाहीत. दुकानातलं काडतूस बहुधा या रेषेच्या बरंच वर बेतलेलं असतं, म्हणजे धक्का जास्त बसतो. घरी भरणारा रेषेच्या जरासा वर थांबतो. पिस्तूल कमी उसळतं आणि लवकर निशाण्यावर परत येतं. लोक घरी काडतुसं भरतात ती मुख्यतः यासाठी. पैसे वाचतात हे घरच्यांना सांगायचं कारण.

तरी चिंचवडकरांची सुरुवात पैशांपासूनच झाली. २०१९ मध्ये नऊ मिलिमीटरचं साधं काडतूस अठरा-वीस सेंटला मिळत होतं. २०२० मध्ये कोविड आला, मागोमाग रस्त्यावरची निदर्शनं आणि निवडणूक आली, पहिल्यांदाच बंदूक घेणाऱ्यांची रीघ लागली, आणि तेच काडतूस साठ-सत्तर सेंटवर गेलं. तेही मिळालं तर. त्याच वर्षी जुलैत रेमिंग्टन कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. प्राइमर म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसणारी, पावडर पेटवणारी छोटी टोपी, आणि अमेरिकेत ती बनवणारे मोठे कारखाने बोटांवर मोजण्याइतके: मिनेसोटात फेडरल, आयडाहोत सीसीआय, शिवाय विन्चेस्टर आणि हा रेमिंग्टनचा आर्कन्सामधला. मागणी दुप्पट झाली म्हणून प्राइमरचा नवा कारखाना सहा महिन्यांत उभा राहत नाही. ज्यांच्याकडे आधीचे प्राइमर साठवलेले होते ते घरी भरून खेळत राहिले. बाकीचे घरी बसले.

त्या काळात चिंचवडकर रेंजवर एका निवृत्त एअरक्राफ्ट मशिनिस्टच्या शेजारी उभे राहायचे. म्हातारा दर फैरीनंतर वाकून पुंगळ्या वेचायचा. स्वतःच्या तर वेचायचाच, लोक टाकून जात त्याही. झाडलेल्या काडतुसातली गोळी गेली, पावडर जळली, प्राइमर फुटला, पण पितळी पुंगळी शाबूत राहते. फुगलेली असते, तिला परत मापात आणायचं, खालचा फुटका प्राइमर काढून नवा बसवायचा, तोंड जरा फाकवायचं, मोजून पावडर घालायची, गोळी बसवायची, फाकवलेलं तोंड पुन्हा मिटवायचं. झालं काडतूस. नऊ मिलिमीटरची एक पुंगळी अशी अनेकदा चालते, बहुतेक वेळा फाटण्याआधी गवतात हरवते.

सिंगल स्टेज प्रेसवर यातलं एक काम एका वेळी होतं. पन्नास पुंगळ्यांचा ट्रे घ्या, सगळ्या मापात आणा, मग डाय बदला, सगळ्यांची तोंडं फाकवा, पुढचा डाय लावा. तासाभरात पन्नास ते शंभर काडतुसं होतात. शिकायला याहून चांगलं यंत्र नाही, कारण प्रत्येक पायरी वेगळी दिसते. पावडर घातलेला पूर्ण ट्रे दिव्याखाली धरला की एखादी रिकामी किंवा दुप्पट भरलेली पुंगळी लगेच ओळखू येते. चिंचवडकर यावरच शिकले. पण शनिवारच्या सामन्यासाठी आठवड्यातल्या रात्री त्यात जाऊ लागल्या, तेव्हा प्रोग्रेसिव्हचा विचार आला.

प्रोग्रेसिव्हमध्ये एक गोल फिरती चकती असते, शेलप्लेट. तिच्या खाचांत चार, पाच, आठ पुंगळ्या एकाच वेळी उभ्या असतात आणि प्रत्येकीच्या डोक्यावर वेगळा डाय असतो. दांडा ओढला की सगळ्या एकदम वर जातात, प्रत्येकीचं आपापलं काम होतं, दांडा सोडला की चकती एक घर पुढे सरकते. चकती भरली की पुढे प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस डब्यात पडतं. तत्त्व भोसरीचंच. फरक एवढा, की भोसरीत चुकलेला पार्ट भंगारात जातो. इथं चुकलेला पार्ट हातातल्या नळीत फुटतो.

बाजारात पाहायला गेलं तर प्रत्येक कंपनीचा एक रंग आहे आणि रंगावरून भांडणारे भक्त आहेत. हिरवा आरसीबीएसचा. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलचे फ्रेड हंटिंग्टन १९४३ मध्ये रॉकचक नावाच्या डोंगरी प्राण्याच्या शिकारीसाठी गोळ्या दाबायचे डाय बनवू लागले. ‘रॉकचक बुलेट स्वेज’ची ती चार अक्षरं आजही कंपनीचं नाव आहेत. लाल हॉर्नडीचा, नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंडचा. लाल लीचाही. विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली यांनी १९५८ मध्ये हातोडीनं ठोकून काडतूस भरायचा एक छोटा संच काढला. कमी पैशांत सुरुवात करणाऱ्यांना आजही त्यांच्याच कंपनीचे प्रेस परवडतात.

आणि निळा डिलनचा. माइक डिलन हे टीडब्ल्यूए विमान कंपनीचे पायलट. सत्तरच्या दशकात घरी भरणाऱ्यांकडे प्रोग्रेसिव्ह म्हणजे सॅन दिएगोच्या स्टार मशीन वर्क्सचा प्रेस, सुबक आणि महाग, पण पिस्तुलाच्या काडतुसांसाठीच. डिलनना रायफलची काडतुसं ढिगानं लागत होती, म्हणून त्यांनी स्टारच्या प्रेसला जोडायचं रूपांतर-किट बनवलं, आणि पुढे ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलमध्ये स्वतःचेच प्रेस काढले. २०१६ मध्ये ते वारले. घरगुती प्रेसचा भाग तुटला तर आयुष्यभर बदलून देऊ, हा त्यांचा वायदा कंपनीनं पुढेही चालू ठेवला. चिंचवडकर राहतात तिथून स्कॉट्सडेल गाडीनं जवळच, पण कारखाना गावात आहे म्हणून मशीन घेणाऱ्यांतले ते नव्हेत. त्यांनी एक्सेल शीट उघडली.

शीटमध्ये सगळ्यात आधी कॅटलॉगमधला वेग लिहिला आणि लगेच खोडला. कंपनी सांगते तासाला पाचशे-सहाशे, वरच्या मॉडेलला आठशे-हजार. कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हा आकडा कुठून येतो ते कळतं: सगळे साठे भरलेले, काही अडकलेलं नाही, ऑपरेटर ताजातवाना. प्राइमर एका नळीत शंभरच मावतात. मसुराएवढे ते दाणे ताटलीत सगळे एकाच तोंडानं वळवायचे आणि बारीक नळीनं एकेक टिपायचे, यातच वेळ जातो. नळी भरणं, पावडर घालणं, दर पन्नास-शंभर काडतुसांमागे एकाचं वजन आणि लांबी तपासणं हे सगळं धरलं तर कॅटलॉगचा आकडा निम्म्यावर येतो. तोही पुरेसा होता. महिन्याची गरज दोन निवांत संध्याकाळींत भागणार होती. मग वेगावर आणखी डोकं का शिणवायचं?

खरा प्रश्न दुसऱ्याच रकान्यात होता: चकती कोण फिरवणार, हात की यंत्र?

डिलनचा ५५० हा चार स्टेशनांचा प्रेस. ऐंशीच्या दशकापासून चालत आलेला, आणि त्याची चकती अंगठ्यानं फिरवावी लागते. म्हाताऱ्याकडे तोच होता. “हे बघ,” तो म्हणायचा, “मी फिरवल्याशिवाय माझ्या मशीनवर काही पुढे जात नाही. काही अडलं तर सगळं जागच्या जागी थांबतं. मला चार कॅलिबर भरायचे असतात, बदलायला पंधरा मिनिटं लागतात.” यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. पण हातानं फिरवण्यात एक खोट आहे, तीही म्हातारा लपवत नसे. दांडा ओढून झाला, पावडर पडली, तेवढ्यात फोन वाजला. परत आल्यावर चकती फिरवली होती का, आठवत नाही. पुन्हा दांडा ओढला तर त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा पावडर. पिस्तुलाच्या या काडतुसात पावडर लागते चार-साडेचार ग्रेनच्या आसपास, आणि पौंडात ग्रेन भरतात सात हजार. इतकी थोडी पावडर पुंगळीच्या बुडाशी पडते. दुप्पट पडली तरी उतू जात नाही, वर गोळी निमूट बसते. म्हातारा म्हणून प्रत्येक पुंगळीत डोकावायचा, आणि प्रेस चालू असताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा.

डिलनच्याच एक्सएल ७५० ला पाच स्टेशनं आहेत आणि चकती आपोआप फिरते. २०१९ मध्ये तो जुन्या ६५० च्या जागी आला. हॉर्नडीच्या लॉक-एन-लोड एपीमध्येही पाच स्टेशनं आणि आपोआप फिरणारी चकती. ती दोन टप्प्यांत फिरते, अर्धं घर दांडा खाली येताना, अर्धं वर जाताना, त्यामुळे झटका कमी बसतो. डाय जरासे फिरवले की निघतात. चिंचवडकरांना हे अर्ध्या-अर्ध्या घराचं इंडेक्सिंग फार आवडलं, टूलरूमवाल्याला आवडावं असंच ते आहे. आपोआप फिरणाऱ्या चकतीत दुप्पट पावडरीचा धोका कमी होतो, पण गडबड होते ती काही अडकलं की. वाकडी पुंगळी, आडवा झालेला प्राइमर. माणूस दांडा अर्धा मागे घेतो, पुढे रेटतो, एक-दोन पुंगळ्या काढून परत ठेवतो, आणि त्या गोंधळात एखादी पावडरीशिवाय पुढे सरकते.

तशा पुंगळीचं पुढे काय होतं, ते त्यांनी एका सामन्यात दहा फुटांवरून पाहिलं. खेळाडू परका, काडतुसं घरी भरलेली. धडाधड चाललेल्या आवाजात मध्येच एक ‘फट्’. पिस्तुलाची स्लाइड मागे आली नाही. सवयीनं खेळाडूचा डावा हात स्लाइडकडे गेला, पुढचं काडतूस आत ओढायला, आणि रेंज अधिकारी जिवाच्या आकांतानं ओरडला, “स्टॉप!” पावडर नसली तरी एकटा प्राइमर गोळीला नळीत थोडी पुढे ढकलतो, आणि ती तिथं रुतून बसते. मागून खरी गोळी आली की नळी फाटते. खेळ थांबवून पिस्तूल बाजूच्या टेबलावर नेलं, पितळी सळई घालून हातोडीनं रुतलेली गोळी ठोकून काढली. शिशाचा तो तुकडा टेबलावर पडला तेव्हा भोवतीचे सगळे उगाचच हसले. चिंचवडकरांनी घरी येऊन शीटचे रकाने नव्यानं मांडले.

चाकणच्या प्रत्येक लाइनवर पोका-योकेचे तक्ते टांगलेले असतात. चूक माणसाच्या लक्षात यावी यावर विसंबू नका, यंत्रालाच ती पकडू द्या. प्रेसच्या जगात या कामाला पावडर चेक आहे. पावडर पडल्यानंतरच्या स्टेशनवर एक दांडी पुंगळीत उतरते आणि आतल्या पावडरीच्या पातळीवर टेकते. पातळी फार कमी किंवा फार जास्त असली की डिलनचा बझर वाजतो. आरसीबीएसच्या लॉक-आउट डायमध्ये बझर नाही, तो प्रेसच अडवतो, दांडा पुढे जात नाही. बझर म्हणजे लाइनवर गडबड झाली की पेटणारा अँडनचा दिवा, लॉक-आउट म्हणजे लाइन स्टॉप. दोन्ही दशांश ग्रेनचा फरक पकडत नाहीत, तो त्यांचा प्रांतच नव्हे. रिकामी आणि दुप्पट, या दोन घातक टोकांसाठी ते आहेत.

चार स्टेशनांच्या प्रेसवर पावडर चेकसाठी वेगळं घर उरत नाही. पहिल्यावर मापात आणणं आणि प्राइमर, दुसऱ्यावर पावडर, तिसऱ्यावर गोळी, चौथ्यावर तोंड मिटवणं. पाच असली की एक घर मोकळं मिळतं. चिंचवडकरांचा निर्णय इथं झाला. एकच कॅलिबर, भरपूर संख्या, आपोआप फिरणारी चकती, तिसऱ्या घरात पहारेकरी. म्हाताऱ्याचं गणित चार कॅलिबरांचं आणि थोड्या संख्येचं होतं, त्याला ५५० च योग्य. डिलनचाच आठ स्टेशनांचा १०५० किंवा त्यानंतरचा ११०० घ्यायचा तर किंमत दोन हजार डॉलरच्या वर, आणि आजन्म बदलून देण्याचा वायदा त्यांना लागू नाही. धंद्याचं मशीन धंद्याच्या अटींवर.

७५० आणि त्याला पुंगळ्या भरणारं केस फीडर, डाय, मजबूत स्टँड मिळून खर्च बाराशे डॉलरच्या पुढे गेला. परतफेडीचा हिशेब त्यांनी बायकोसमोर मांडला. टंचाई ओसरल्यावर प्राइमर सात-आठ सेंटला, पावडर अडीच, गोळी नऊ-दहा, म्हणजे जेमतेम वीस सेंट. त्याच जातीचं दुकानातलं काडतूस सव्वीस-सत्तावीस. सुटतात सहा-सात सेंट. बायको बँकेत होती. तिनं भागाकार तोंडी केला.

“म्हणजे वीस हजार काडतुसं झाडल्यावर हा प्रेस फुकट पडणार?”

“साधारण.”

“आणि प्रेस नसता तर वीस हजार झाडली असतीस?”

याला उत्तर नव्हतं. घरी भरणाऱ्या कुठल्याच माणसाकडे ते नसतं.

प्रेस ठेवायचा कुठं, यावर मात्र तिचंच चाललं. अमेरिकेत असली कामं गराजमध्ये करायची रीत आहे, पण फीनिक्सच्या उन्हाळ्यात बाहेर ४५ अंश असताना बंद गराज भट्टी होतं, आणि पावडर थंड, कोरड्या जागी ठेवायची असते. एनएफपीए या अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेच्या संहितेप्रमाणे राहत्या घरात मूळ डब्यातली पावडर वीस पौंडांपर्यंत आणि प्राइमर दहा हजारांपर्यंत चालतात. चिंचवडकरांचा साठा त्याच्या आसपासही नसतो. लेक कॉलेजला गेली होती, तिची खोली मिळाली. अटी बायकोनं घातल्या: या खोलीत खाणंपिणं बंद, आणि बाहेर येताना हात साबणानं धुवायचे. अट वायफळ नव्हती. प्राइमरमध्ये शिशाचं संयुग असतं आणि फुटलेल्या प्राइमरची राख पुंगळ्यांना चिकटून येते. कोरड्या भुशात पुंगळ्या घुसळल्या की ती धूळ होऊन उडते. म्हणून ते पाण्यात, स्टीलच्या बारीक पिना घालून घुसळतात. मागच्या अंगणात काळं पाणी गाळून पुंगळ्या जुन्या चादरीवर पसरतात, बाकीचं ॲरिझोनाचं ऊन बघून घेतं.

सेटिंगला पहिला आठवडा गेला आणि त्यांना तो जाऊ द्यायचाच होता. चकतीचा मधला बोल्ट किती घट्ट असावा, इथूनच सुरुवात होते. सैल असला तर चकती एका बाजूला झुकते आणि काडतुसांची लांबी बदलते. फार आवळला तर फिरताना झटके देते, पुंगळीतली पावडर उडून चकतीवर सांडते. धुतलेल्या पुंगळ्यांवर लॅनोलिनचा हलका फवारा मारला की दांडा निम्म्या जोरानं ओढला जातो, एरवी वंगण न लागणारा कार्बाइडचा डाय असला तरीसुद्धा. प्राइमर बसतानाचा स्पर्श शिकावा लागतो. दांडा पुढे ढकलताना तळाशी एक मऊसर दाब लागतो आणि मग पक्कं टेकल्याची जाणीव होते. तो दाब आला नाही तर प्राइमरच नाही. जास्त कडक आला तर पुंगळीचा प्राइमरचा खळगा लष्करी पद्धतीनं दाबलेला, ती बाजूला काढायची. या जाणिवेमुळे चिंचवडकर प्रेसला मोटर लावायच्या विरोधात आहेत. मोटरला हा दाब कळत नाही. चष्मा मात्र पहिल्या दिवसापासून, कारण एका नळीत शंभर प्राइमर एकमेकांच्या डोक्यावर उभे असतात आणि एक फुटला तर शेजारी गप्प बसत नाहीत.

रेंजवरून वेचलेल्या पुंगळ्यांत काय काय निघतं, त्यावर वेगळा लेख होईल. दिसायला सारखी पण दोन मिलिमीटर आखूड अशी .३८० ची पुंगळी नऊ मिलिमीटरच्या ढिगात हमखास असते. कधी युरोपातल्या बर्डन जातीची येते. तिच्या तळाला मध्ये एक भोक नसून बाजूला दोन असतात, त्यामुळे प्राइमर काढायची पिन तिच्यात मोडते. गंमत म्हणजे बर्डन हा माणूस अमेरिकन. त्याची पद्धत युरोपनं उचलली, आणि अमेरिकेनं स्वीकारली ती बॉक्सर या ब्रिटिशाची. घरी पुन्हा काडतूस भरणं अमेरिकेत इतकं रुजलं त्यात या अदलाबदलीचा मोठा हात आहे.

७५० आता मुरला आहे. तासाला साडेचारशेच्या आसपास निघतात, सगळं धरून. बझर वाजतो तो बहुतेक वेळा चिंचवडकरांनी .३८० ची पुंगळी वेचताना सोडली म्हणून. सध्या वाद चालू आहे तो बुलेट फीडरचा. गोळ्या आपोआप पुंगळीवर ठेवणारं हे उपकरण, पाचशे डॉलरच्या आसपास. आज गोळी हातानं ठेवावी लागते, तो वेळ वाचेल. पण फीडरला स्वतःचं एक स्टेशन लागतं आणि पाचही भरलेली आहेत. म्हणजे पावडर चेक काढायचा, नाहीतर गोळी बसवणं आणि तोंड मिटवणं एकाच डायमध्ये करायचं. पावडर चेक काढण्याचा प्रश्नच नाही. एकत्र डाय त्यांनी वापरून पाहिला. गोळी खाली सरकत असतानाच तोंड मिटायला लागतं आणि कोट केलेल्या शिशाच्या गोळीची कड सोलली जाते. शिवाय गोळी हातानं ठेवतानाच डोळा आपसूक पुंगळीत जातो, तिथं एलईडीचा प्रकाश पाडलेला आहे, आणि बझरवर एवढी भिस्त असली तरी त्यांना ते बघणं सोडवत नाही. म्हातारा याला जिद्दीचा आळस म्हणतो. त्यानं ५५० विकून दहा स्टेशनांचा प्रेस घेतला आहे, फीडरसकट, आणि आता कॅलिबर बदलायला अर्धी दुपार जाते अशी तक्रार करतो.

तरी आठ स्टेशनांचं गणित चिंचवडकरांच्या डोक्यातून गेलेलं नाही. क्लबातल्या एकाकडे जुना १०५० विकायला निघाला आहे. ते जाऊन बघून आले. खिशातून डायल गेज काढून त्यांनी चकतीचा प्ले मोजला, दांड्याच्या बुशिंगची झीज पाहिली आणि चकती पुढे सरकवणारा इंडेक्स पॉल घासलाय हे मालकाला दाखवून दिलं. मालक तीनशे डॉलर उतरायला तयार आहे. चिंचवडकर पाचशे म्हणतात.